चार ते पंधरा

ज्येष्ठ महिना उतरणीला लागला की पुण्यातील सुशिक्षित माणसाच्या बोलण्यात तीन विषय ठरल्यासारखे येतात. पालख्या कोणत्या दिवशी येणार व कोणते रस्ते बंद राहणार, खडकवासल्याच्या धरणात पाणी किती उरले, आणि कोणाच्या मुलाला कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळाला. या तिन्ही विषयांवर मलाही माफक बोलता येते. परंतु गेली काही वर्षे या दिवसांत माझे चित्त एका चौथ्याच प्रश्नाभोवती घोटाळत असते. तो प्रश्न असा की, आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात यंदा कोण कोण राहणार?

'आमच्या कॉलेजच्या' हे शब्द मी थोड्या आगाऊपणानेच लिहिले. त्या कॉलेजात मी शिकलो नाही, शिकवले नाही, आणि माझ्या घरातले कोणी आज तेथे शिकतही नाही. संध्याकाळच्या फेरफटक्याच्या वाटेवर त्याचे मैदान लागते, एवढाच काय तो आमचा ऋणानुबंध. एके दिवशी मी कुंपणापाशी पाच मिनिटे थांबलो, दुसऱ्या दिवशी दहा, आणि पुढे पुढे फेरफटका त्या कुंपणापाशीच संपू लागला. कॉलेजचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. त्या मुली आपल्या आनंदासाठी खेळतात. त्यांना मासिकाच्या पानावर आणून बसवण्याचा मला काय अधिकार?

कुंपणापाशी थांबणारा मी एकटाच नाही, हे लवकरच ध्यानात आले. आम्ही सारे मिळून सात-आठ जण असू. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत; ते प्रत्येक सामन्याचे गुण एका जाड वहीत टिपून ठेवतात. एक बाई आहेत, त्यांची मुलगी चार वर्षांपूर्वी संघात होती. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, पण आईचे येणे सुटले नाही. जवळच्या रिक्षा थांब्यावरचे एक रिक्षावाले आहेत, त्यांचे खेळाचे ज्ञान आम्हा सर्वांहून पक्के आहे. कॉलेजचे विद्यार्थी म्हणाल तर दोन किंवा तीन, आणि त्यांतला एखादा खेळाकडे न पाहता खेळाडूकडे पाहत असतो, हे वहीवाल्या गृहस्थांच्या नजरेतून सुटत नाही.

पुण्यातील कॉलेजांना ओरडणारे पाठीराखे नाहीत असे मात्र कोणी समजू नये. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका सुरू झाल्या की भरत नाट्य मंदिराच्या दारात आपापल्या कॉलेजच्या नावाने जो गजर होतो, तो ऐकून एखाद्या परक्या माणसास आत कुस्त्या चालल्या आहेत असे वाटावे. १९६३ पासून चालत आलेला हा उत्साह खोटा नाही, आणि मला त्याचा मत्सरही नाही. परंतु त्याच दिवसांत, त्याच कॉलेजच्या मुली मैलभर अंतरावर घाम गाळीत असतात आणि त्यांच्या नावाने ओरडायला एक रिक्षावाला असतो, ही गोष्ट मनाला लागते खरी.

प्रेक्षक हा या खेळाच्या इतिहासातील एक मोठा गमतीचा विषय आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला. वर्ष उलटते न उलटते तोच जवळच्या स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मुलींना फार दमणूक होऊ नये म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, आपला भाग सोडून कोणी जायचे नाही असा नियम केला, आणि दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावून घेण्यास बंदी केली. मार्च १८९३ मध्ये तेथे दोन वर्गांत सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. पुढे ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरी स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील मुलींचा सामना झाला. तो स्टॅनफर्डने २–१ असा जिंकला. तेथेही प्रेक्षक सगळ्या स्त्रियाच होत्या, आणि खिडक्यांतून डोकावू पाहणाऱ्या पुरुषांना मागे सारावे लागले, असे वर्णन आढळते.

म्हणजे एके काळी हा खेळ पाहता यावा म्हणून माणसे खिडक्यांशी झोंबत होती! आज आमच्या मैदानाचे फाटक सताड उघडे असते. पहारेकऱ्याला विचारले तर तो बसायला खुर्चीसुद्धा देतो. आणि तरी कोणी येत नाही. ज्या देशात दारे बंद होती तेथे मात्र आज निराळेच दृश्य दिसते. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा विद्यापीठाने फुटबॉलच्या मैदानावर मुलींचा एक सराव-सामना भरवला, त्याला ५५,६४६ माणसे आली. पुढच्या वर्षी एप्रिलात तेथील कॉलेजांच्या अंतिम सामन्यात स्त्रियांचा सामना दूरदर्शनावर पाहणाऱ्यांची संख्या पुरुषांच्या सामन्याहून अधिक भरली. हे वाचले त्या दिवशी मी वहीवाल्यांना उत्साहाने आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे विचारले, "मग त्यांना तिथून चेंडूचा आवाज ऐकू आला असेल का हो?" कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण कुंपणापाशी उभ्या माणसाला बुटांच्या तळव्यांचा करकर आवाज ऐकू येतो, धापा ऐकू येतात, आणि एक मुलगी दुसरीला दबक्या स्वरात "अगं, माझ्याकडे बघ ना!" म्हणते तेही ऐकू येते.

आमच्या मोसमाची तऱ्हाही न्यारी आहे. क्रिकेटचा मोसम म्हणजे महिनोन्‌महिने चाललेले लग्नघर. आमचा मोसम म्हणजे मुहूर्ताची घटका. आंतरमहाविद्यालयीन सामने बाद पद्धतीचे. हरलात की वर्ष संपले. प्रथम पुणे शहर विभागाचे सामने, त्यांतून तरलेल्यांना आंतरविभागीय. मग निवडलेल्या मुली विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जाणार. पण पहिल्याच सामन्यात बळकट प्रतिस्पर्धी पुढे आला तर दहा-दहा मिनिटांच्या चार डावांत, म्हणजे अवघ्या चाळीस मिनिटांत, बारा महिन्यांची वाट पाहणे आटोपते. त्यात हे सारे येते पावसाळ्यात. मैदान उघडे, जमीन सिमेंटची. एक सर येऊन गेली की मुली स्वतःच गोणपाटे घेऊन पाणी टिपत बसतात, आणि आम्ही प्रेक्षक छत्र्या मिटून आभाळाकडे पाहत बसतो. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकात पुरुषांचा अंतिम सामनाच उघड्यावर, पावसाच्या चिखलात झाला आणि अमेरिकेने तो १९–८ असा जिंकला, ही हकीकत अशा वेळी फार दिलासा देते. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकात शिरकाव मिळाला तो थेट १९७६ साली, माँट्रियल येथे. शिवाय याच दिवसांत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रंगात आलेला असतो. कधी कधी पंचाची शिटी त्या गजरात बुडून जाते, आणि खेळ थांबला आहे हे कोणालाच कळत नाही.

आम्ही मुलींना नावाने फारसे ओळखत नाही. ओळखतो ते पाठीवरच्या आकड्याने. हे आकडे चारपासून सुरू होतात व पंधरावर संपतात, याचे मला पहिल्याने मोठे कोडे वाटे. खुलासा रिक्षावाल्यांनी केला. पंच बोटे दाखवून गुण सांगतात. एक, दोन, तीन ही बोटे गुणांसाठी राखलेली, म्हणून खेळाडूंचे आकडे चारपासून. आंतरराष्ट्रीय नियमांनी हे बंधन आता सैल केले आहे, पण आमच्या कॉलेजचे सदरे जुने आहेत. ते धुऊन, शिवून पुढच्या मुलींना दिले जातात. त्यामुळे मुली येतात आणि जातात, पण आकडे राहतात. 'पाच नंबर' म्हटले की बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांची मुलगी येते, आणि माझ्यापुढे तिच्या नंतर आलेली, लहान चणीची, चेंडू घेऊन वीज चमकावी तशी निसटणारी मुलगी. ती गेल्या वर्षी पदवीधर झाली. हिंजवडीला नोकरीस लागली आहे म्हणतात.

पण यंदाचा खरा प्रश्न होता अकरा नंबरचा. ही मुलगी सांगलीकडची, वसतिगृहात राहणारी, आणि उंच. इतकी उंच की चालताना थोडी वाकून चालते. टोपलीची उंची पुरुषांना दहा फूट आणि स्त्रियांनाही दहा फूटच. चेंडू तेवढा स्त्रियांचा किंचित लहान. तेव्हा टोपलीखाली अशी मुलगी असणे म्हणजे संघाच्या घराला आढे असणे. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात संपायला चार सेकंद उरले असताना आम्ही एका गुणाने मागे होतो आणि अकरा नंबरला दोन मुक्त फेकी मिळाल्या. पहिली आत गेली. दुसरी कड्यावर दोनदा फिरली व बाहेर पडली. तो चेंडू प्रतिपक्षाने उचलला, लांबवर फेकला आणि शिटी वाजता वाजता टोपलीत घातला. त्या संध्याकाळी कोणी कोणाशी बोलले नाही. आम्ही छत्र्या उचलून निघालो, तोच मागून ती मुलगी आली, डोळे पुसलेले, आणि विचारते काय, "काका, पुढच्या वर्षी याल ना?" आम्ही त्यांची वाट पाहतो हे मला ठाऊक होते. त्याही आमची मोजदाद ठेवतात, हे त्या दिवशी कळले.

परंतु पुढच्या वर्षी ती स्वतः असेल की नाही, हेच ठरलेले नव्हते. पदवीची परीक्षा झाली, आणि चैत्रात एके संध्याकाळी तिचे वडील सामान न्यायला आले. मुली आपसांतच शेवटचा खेळ खेळत होत्या. पांढरी टोपी, हातात पिशवी, असे ते गृहस्थ आमच्याशेजारी कुंपणाला टेकून उभे राहिले.

"ती उंच पोरगी आमची," ते जणू माफी मागावी तशा स्वरात म्हणाले. "लई उंच झाली."

त्या तीन शब्दांत केवढी चिंता होती! गावाकडे जी उंची स्थळ पाहताना आड येते, तिच्याच भरवशावर येथे अकरा जणी निर्धास्त असतात. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "एवढं पळून मिळतं काय?"

वहीवाले गृहस्थ या प्रश्नाची जणू वाटच पाहत होते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, रेल्वे खेळाडूंना नोकरी देते व म्हणूनच तिचा स्त्रियांचा संघ वर्षानुवर्षे देशात पुढे आहे, हे सारे त्यांनी सांगितले. आपल्या पुण्याचीच शिरीन लिमये भारताकडून खेळलेली आहे. २०१७ साली बेंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात ती होती, हेही सांगितले. विमा एजंटाचे ऐकावे तसे अदबीने त्यांनी ऐकून घेतले. नजर मैदानावरून हलली नाही. मग त्यांनी मला विचारले, "ही मधीच आत जाती, मधीच भायेर येती, ते का?"

मी सांगितले की टोपलीपुढे जो चौकोन आखला आहे त्यात चढाई करणाऱ्याने तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबायचे नाही.

"म्हंजी दारात उभं ऱ्हायचं, पर बसायचं न्हाई."

बास्केटबॉलच्या कोणत्याही पुस्तकात या नियमाचे इतके नेमके विवरण मी वाचलेले नाही. ते आणखी अर्धा तास उभे होते. चेंडू हाती आलेली प्रत्येक मुलगी तो टाकण्यापूर्वी मान वर करून एकदा अकरा नंबर कोठे आहे ते पाही. हे त्यांच्या ध्यानात आले असावे. "सगळ्या हिच्याकडंच बघत्यात की," ते हळूच म्हणाले. एवढे बोलून ते पिशवी उचलून वसतिगृहाकडे गेले. रात्रीच्या गाडीने बापलेक सामानासह सांगलीला गेली, हे दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडून समजले.

वैशाख गेला, ज्येष्ठ निम्मा गेला. आमच्यातल्या बाईंचे मत होते की आता मुलगी परत येत नाही, दिवाळीत पत्रिका येईल. रिक्षावाल्यांचे मत होते की जो माणूस अर्धा तास उभा राहून खेळ पाहतो तो पोरीला अडवत नाही. माझे मत रोज बदलत होते. शेवटी गेल्या गुरुवारी पहारेकऱ्यानेच बातमी दिली: अकरा नंबरने एम.कॉम.ला प्रवेश घेतला, वसतिगृहातील जुनीच खोली मिळाली, आणि दोन दिवसांत ती येते आहे. बाईंनी त्याला तेथल्या तेथे चहा पाजला.

आता निवडचाचण्यांना सुरुवात होईल. नव्या मुलींतली एक नगरकडची आहे, डावखुरी. एक तळेगावची, ती लोकलने येऊन-जाऊन करणार म्हणते. आणखी कोणी कोणी आहेत. मैदानावरच्या रेघा परवा नव्याने रंगवल्या, पण रंग वाळायच्या आत सर आली आणि तीन सेकंदांचा चौकोन एका बाजूला थोडा ओघळला आहे. वहीवाल्या गृहस्थांनी अप्पा बळवंत चौकातून नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर त्यांनी चार ते पंधरा आकडे एकाखाली एक लिहून ठेवले आहेत. अकराच्या पुढे नाव भरले आहे. पाचाची जागा अजून रिकामी आहे.