एकशेवीसच्या रेघा

रेकॉर्डिंगचं जवळजवळ कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडा, ते तुम्हाला न विचारता दोन गोष्टी ठरवून बसलेलं असतं : लय मिनिटाला १२० आणि ताल चार मात्रांचा. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उभ्या रेघा आखून तयार असतात. तुमचा आवाज अजून आत गेलेलाही नसतो. क्यूबेस घ्या, लॉजिक घ्या, रीपर घ्या. रंग वेगळे, बटणांच्या जागा वेगळ्या, रेघा त्याच.

मी पेटी वाजवतो, संध्याकाळी शिकवतो, आणि ठाण्यातल्या आमच्या घराची आतली खोली आता स्टुडिओ म्हणून मिरवते. तिथे येणारी मंडळी अभंग गातात, नाट्यपदं गातात, अधूनमधून एखादा ख्याल. यातलं काहीच १२०वर सुरू होऊन १२०वर संपत नाही. अभंगाचंच बघा. भजनी ठेक्यात सुरुवात ठाय लयीत, मधल्या कडव्यापाशी पखवाजवाला हळूच लय ओढतो आणि गजर येईपर्यंत टाळांसकट सगळे वर चढलेले असतात. कुणी कुणाला सांगत नाही, पण चढतात सगळे बरोबर. एकदा भाच्याने उत्साहाने पखवाजवाल्या बुवांच्या कानात क्लिक, म्हणजे सॉफ्टवेअरची ठरलेल्या लयीची टिकटिक, लावून दिली. ‘मामा, मग नंतर एडिट करायला सोपं जाईल,’ हा त्याचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता. बुवांनी थोडा वेळ वाजवलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, ‘त्याला सांगा, माझ्यामागून ये म्हणावं.’

ख्यालाची तऱ्हा आणखी वेगळी. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन ४८ सेकंदांपर्यंतही जातं. बारा मात्रा ४८ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १५. एबलटन लाइव्हमध्ये लय २०च्या खाली उतरतच नाही. दुप्पट-चौपट धरून भागवता येतं, पण बर्लिनमध्ये बसून हे यंत्र रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणतं गाणं होतं, ते त्या २०च्या आकड्यात सरळ दिसतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला लूप एकावर एक रचून गाणं उभं करायचं आहे, रॅप करायचं आहे, जिंगल करायच्या आहेत, त्याला त्या रेघा वरदान आहेत. त्याने एबलटन किंवा एफएल स्टुडिओ डोळे मिटून घ्यावं.

आणि यंत्राने गाण्याला आपल्या मापात बसवणं काही आजचं नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. तासभर उलगडणारा राग त्या तीन मिनिटांत बसवायला लागला. बसवलाही, त्या पिढीच्या तबकड्या आजही आपण कान टवकारून ऐकतो. पण तेव्हा गाणाऱ्यापुढे पर्याय नव्हता. आज आहे, म्हणून तर सॉफ्टवेअरची निवड करायची. माझ्यापुरता पहिला प्रश्न एवढाच की या रेघा किती लवकर पुसता येतात?

रीपरमध्ये ऑल्ट आणि एल दाबलं की रेघा गायब. ऑल्ट आणि एस दाबलं की तुकडे रेघांना चिकटणं बंद. वरची पट्टी मात्रांऐवजी मिनिट-सेकंदांत करून घ्यायची, टाइमबेस वेळेवर ठेवायचा, म्हणजे पुढे कधी लयीचा आकडा बदलला तरी मुद्रित तुकडे ताणले जात नाहीत. झालं, कोरी पाटी. आता कापायचं ते श्वासावर, समेवर, पखवाजाच्या थापेवर, आणि हे सगळं कानाने. हे इतर सॉफ्टवेअरमध्ये जमत नाही असं मुळीच नाही, सगळीकडे जमतं. पण कुठे ते दोन कळांवर आहे आणि कुठे तीन मेनूंच्या पोटात, आणि समोर गायक घसा साफ करून बसलेला असताना हा फरक फार मोठा होतो.

दुसरी गोष्ट लॅटन्सीची. गायकाला हेडफोनमधून स्वतःचा आवाज किती उशिरा ऐकू येतो, ते बफरच्या आकड्यावर ठरतं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १०२४ नमुन्यांचा, म्हणजे एका दिशेला २१ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट. आवाज हवेत मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे नुसत्या एका दिशेच्या हिशेबाने पेटीवाला गायकापासून सात मीटरवर जाऊन बसला. इतक्या लांबून तान पकडून दाखवा! बफर १२८ केला की तोच पेटीवाला हातभर अंतरावर येतो. जुन्या लॅपटॉपवर १२८ला कटकट आवाज येऊ लागतात, म्हणून सॉफ्टवेअर अंगाने हलकं हवं. हेही रीपरच्या पारड्यात पडलं. ते उतरवून घेताना काही मेगाबाइटच लागतात, तर काहींना गिगाबाइटची भूक. अर्थात इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ही निम्मी डोकेदुखी सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही.

सुराबद्दल मात्र मी थोडा कर्मठ आहे. ऑटो-ट्यून १९९७मध्ये आलं; ते रचणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या कंपनांचं गणित करत. हुशारीचं काम आहे, वाद नाही. पण ते आवाजाला जवळच्या सुराकडे ओढतं, आणि सूर म्हणजे त्याच्या लेखी पियानोच्या बारा समान पायऱ्या. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार त्याला बेसूर वाटतो. मींड त्याला दोन सुरांमधली चूक वाटते. गंमत अशी की याच कारणासाठी, पेटीत मींड नाही आणि श्रुती नाहीत म्हणून, आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. मी स्वतः पेटीवाला, त्यामुळे ही तक्रार करताना जरा खालच्या आवाजातच करतो. तरीही गळ्याला पेटी व्हायला लावू नये. सूर दुरुस्तीची सोय सॉफ्टवेअरमध्ये किती झकास आहे, या मुद्द्याला मी निवडीत शून्य गुण दिले. नको तो सूर लागला तर ती ओळ पुन्हा गावी.

गोंगाट काढण्याच्या सोयीचंही तसंच. पंख्याची घरघर काढून टाकायला सॉफ्टवेअरला आधी त्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो. त्या नमुन्यात तंबोरा चालू असला तर तेही सतत एकसारखं गुणगुणणं. सॉफ्टवेअर त्यालाही गोंगाट समजून खरवडू लागतं. घरघर जाते आणि तिच्याबरोबर जवारीही. त्यापेक्षा पंखा बंद करणं, खिडकीला गोधडी लावणं आणि शेजारच्या कुकरच्या वेळा पाठ करणं बरं.

राहिला पैसा, आणि पैशाहून महत्त्वाचा भरवसा. २००२मध्ये ॲपलने लॉजिकची कंपनी विकत घेतली आणि विंडोजवाल्यांचं लॉजिक थांबलं. २०१७मध्ये गिब्सनने केकवॉकचं काम गुंडाळलं; लोकांची वर्षानुवर्षांची गाणी त्या फायलींत होती. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते उचललं आणि फुकट वाटलं, हे त्या लोकांचं नशीब. सॉफ्टवेअर कोणतंही असो, काम संपलं की प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा, अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, वेव्ह फाइल करून ठेवावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचे मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या वर थोडे होतात. हार्ड डिस्कच्या आजच्या भावात हे काहीच नाही. वेव्ह फाइल कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही.

मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच आत आहे. नवं काही घेण्याआधी त्यावर वर्षभर काम करून बघायला हरकत नाही. मोठ्या स्टुडिओत मिक्सिंगला द्यायचं असेल तर तिथे बहुधा प्रो टूल्स असतं, पण वरच्या वेव्ह फायली त्यांनाही चालतात. त्यासाठी घरी वर्गणी भरत बसायची गरज नाही. नुसतं कापून-जोडून व्याख्यान किंवा रियाज जपायचा असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या, विंडोजचा साधा लॅपटॉप असलेल्या आणि आपल्या लयीने चालणाऱ्या माणसाला मी रीपरच सांगेन. ६० दिवस ते फुकट वापरून बघता येतं. त्यानंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. व्यक्तिगत वापराचे ६० डॉलर आहेत. ती आठवण रोज बघत बसू नका, भरून टाका.