चिवड्याला जागा असते

जबलपुरात राहून वजनाचं ऑपरेशन केलेल्या बाईला हमखास एकच प्रश्न विचारतात. "मग आता खोव्याची जिलबी बंदच का?" विचारणाऱ्याच्या आवाजात कीव असते. बडकुलांकडची ती जाडजूड, काळपट, पाकात मुरलेली जिलबी म्हणजे आमच्या गावाचा मान. ती ज्याला वर्ज्य, त्यानं जगून तरी काय करायचं, असा एकूण भाव. खरं सांगितलं तर कुणाला पटत नाही. जिलबी सोडायला मला काहीच करावं लागलं नाही. ऑपरेशननंतर एका बारशात हौसेनं अर्धी खाल्ली आणि थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली. यजमानांच्या पलंगावर आडवं व्हावं लागलं. गोड पदार्थ भर्रकन आतड्यात उतरला की आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, त्याचा हा प्रताप. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. त्यानंतर जिलबीचं ताट समोरून गेलं तरी हात पुढे झाला नाही. यात माझा निग्रह वगैरे काही नाही.

मला बुडवायला निघाला होता तो चिवडा.

माझं ऑपरेशन स्लीव्हचं, नागपुरात झालेलं. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. जो भाग जातो, त्यातच भुकेची वर्दी देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने भूक म्हणून लागतच नाही. दोन-तीन चमचे वरण खाल्लं की पोट तुडुंब. कपडे सैल होत होते, गुडघे बोलायचे थांबले होते आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पोटच एवढंसं झालंय, आता घसरायला वाव कुठे आहे? शिवाय मी मुळात मनाची खंबीर. नाही म्हटलं की नाही.

आम्ही गढ्यात राहतो, मेडिकल कॉलेजच्या बाजूला. रोज फिरायला जाताना पिसनहारी की मढियाची टेकडी दिसते. दळणं दळून पै-पै साठवणाऱ्या एका गरीब बाईनं ते जैन मंदिर उभारलं, अशी कथा इथे लहान पोरंही सांगतात. मी त्या टेकडीकडे बघून स्वतःला शाबासकी द्यायचे. निग्रह असा असावा!

दुसरं वर्ष सरता सरता भूक परत आली. हळूच आली, चारच्या चहाबरोबर. पातळ पोह्यांचा चिवडा, कधी शेव, कधी नुसती लाई, कधी चहात बुडवलेलं बिस्किट. जेवणाच्या वेळी मी अगदी शिस्तीत पाच-सहा घासांत उठायचे, कारण पनीर, अंडं, घट्ट उसळ असले पदार्थ त्या नळीत बसून राहतात आणि पुढचा घास घेऊ देत नाहीत. चिवड्याचं तसं नाही. तो तोंडातच विरघळतो, चहाच्या घोटाबरोबर खाली सरकतो आणि जठराला पत्ता लागायच्या आत आतड्यात पोचतो. मूठभर पनीरला जागा नसलेल्या पोटात चार ते सात या वेळात वाडगाभर चिवडा बिनबोभाट मावतो. फुल्कीचंही तेच (पाणीपुरीला आमच्याकडे फुल्की म्हणतात): वर पाणी, आत पाणी, मधे कुरकुरीत पुरी. खाताना पाणी पिऊ नका, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास थांबा, असं ऑपरेशननंतर बजावून सांगतात, त्याचं कारण हेच आहे. पाण्यानं खाल्लेलं वाहून जातं आणि भरल्याची जाणीव टिकत नाही.

उतरलेल्या तीसेक किलोंपैकी पाच-सहा परत आले, तशी मी नागपूरला तपासणीला जायचंच बंद केलं. कारण उघड होतं, लाज. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली होती, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. ती वाचून आमच्या घरात जे हसणं झालं त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. नागपूरच्या माणसाला तोंड आवरत नाही म्हणून पोट कापून घेतो, अशी टवाळी मीच केली होती. आता स्वतः पोट कापून घेतलं आणि तरीही तोंड आवरलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यात आमचं मराठी व्हॉट्सअ‍ॅप. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे दोन तट. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, म्हणजे दिवसात दोनदाच जेवायचं, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. मूळ प्रेरणा डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोड्या थोड्या वेळानं घरचं साधं खा म्हणणारा. जाऊबाई पहिल्या तटात, मावसबहीण दुसऱ्या. मी सोयीनं दुसरा धरला, कारण "थोडं थोडं" हे शब्द माझ्या चिवड्याला छान लागू पडत होते. दिवेकरांनी बिचाऱ्यांनी चिवड्याचा वाडगा कधी सुचवला नव्हता, तो मी त्यांच्या नावावर खपवला. पण दीक्षितांचा मार्गही माझ्यासाठी नव्हता, आणि हे नुसत्या गणितानं कळतं. ऑपरेशननंतर दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात, केसांचं तर विचारूच नका. दोन जेवणांत साठ म्हणजे एका बैठकीला तीस. तीस ग्रॅमसाठी दीडशे ग्रॅमहून जास्त पनीर लागतं. एवढं माझ्या नळीत एका वेळी जाणारच नाही. हे दोन्ही वाद साबूत जठराच्या माणसांचे आहेत.

शेवटी नागपूरला गेले ते हे मागे लागले म्हणून. आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाकडे फारसं पाहिलंच नाही. मी सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण ग्रॅमवार सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवता कधी ते कळलं, आता चरता कधी ते सांगा." मला राग आला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन वाचूनही काढली. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, ऑपरेशन केलेल्या लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा. त्यात जठराचा बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी बत्तीस टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट पंचवीस टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा नियमच. शरीर हरवलेलं वजन शोधत राहतं. आणि तरीही त्या अभ्यासात ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा कमी संख्येनं दगावले. मी ज्याला माझ्या चारित्र्यावरचा डाग समजत होते, तो स्वीडनच्या आलेखावरचा एक सामान्य ठिपका निघाला. हायसं वाटलं आणि थोडा अपमानही झाला, हे कबूल करते.

तेव्हापासून माझा निग्रहावरचा विश्वास उडाला आहे. निग्रह सकाळी दहाला उत्तम चालतो. संध्याकाळी पाचला, शाळेच्या वह्या तपासून डोकं शिणलेलं असताना, समोर डबा असला की तो चालत नाही, आणि डबा नसला की त्याची गरजच पडत नाही. आता त्या टेकडीकडे बघताना वाटतं, पिसनहारीनं तरी रोज कुठला निग्रह केला असेल? जातं तिथेच होतं, दळण यायचं, ती बसायची.

मग डब्याचंच बघायला हवं होतं, आणि डबा सासूबाईंचा. त्यांचं वय ऐंशीच्या घरात, चहाबरोबर चिवडा हा त्यांचा हक्क. मी आयुष्यात कधी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं, "आई, चिवड्याचा डबा तुमच्या खोलीतल्या कपाटात ठेवाल का? आणि मी मागितला तरी देऊ नका." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या चिवड्यावर मीच पहारा द्यायचा होय गं?" पण डबा गेला. त्याच्या जागी फडताळात भाजलेले चणे आले, तेही मोजून वाटीत काढून. चारच्या चहाच्या आधी चणे, चहा नंतर.

बाकीचा बदल कंटाळवाणा वाटेल, पण सगळं त्यातच आहे. रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगायचं, सकाळी घट्ट चक्का. त्यात मीठ, जिरं, काकडी. साखर घातली की श्रीखंड, आणि मग खेळ खलास. वरण मी चमचा उभा राहील इतकं घट्ट करते, कारण वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिनं, आणि वाटी पाण्यानंच भरलेली. पिठलंही घट्ट, भाकरीचा नुसता कोपरा. सोयाबीन हे तर मध्य प्रदेशचं पीक. पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, हिवाळ्यात त्यात आपल्याकडचे ताजे मटार. ताटात आधी हे संपवायचं, पोळी-भात जागा उरली तर. बहुतेक वेळा उरत नाही. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यायचं, त्यात चर्चा नाही. सगळ्यांत अवघड गेला तो उपास. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात चिकट. एकादशीला खिचडी खाल्ली की दिवसभराचं प्रथिनांचं गणित कोलमडतं. मी एकादशी सोडली. देवानं काही म्हटलेलं नाही, जाऊबाईंनी म्हटलं.

आग्रहाचं काय करायचं, हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. नर्मदा जयंतीला ग्वारीघाटापर्यंत भंडारेच भंडारे, आणि हलवा-पुरी नाकारली तर मैयाचा प्रसाद नाकारला असं होतं. मी द्रोण घेते आणि शेजारच्या पोराच्या हातात देते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगतीत बसले की वाढणारी म्हणतेच, "एवढंसं तर आहे." पूर्वी मी बाणेदारपणे ताटावर हात धरायचे आणि मग स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या दुप्पट खायचे. आता पंगतीत बसतच नाही, वाढायला उभी राहते. वाढणारीला कुणी आग्रह करत नाही.

गढ्यातल्या, राइट टाउनातल्या, कधी कटनीच्याही ओळखीच्या लोकांचे फोन येतात. ऑपरेशन करायचंय, कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, किती खर्च, किती दुखतं? पूर्वी मी उत्साहानं फक्त तेवढंच सांगायचे. आता आधी विचारते, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं आणि संध्याकाळी चहाबरोबर काय निघतं? पलीकडचा माणूस जरा थांबतो. त्याला वाटतं, ही बाई टाळतेय. परवा एक जण वैतागून म्हणाला, "मावशी, मी डॉक्टरचा नंबर मागतोय." मी म्हटलं देते, पण आधी तुमच्या आईला फोन द्या.