काका, तुमचा माणूस पडतोय

मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या वारली शिबिरात दोन रविवार मदतीला गेलो. ती फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे गेरू कालवणारा.

वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. तारपा वाजवणाऱ्याभोवती अशा माणसांची साखळी नाचते. सात वर्षांच्या एका मुलाची साखळी कागदाच्या कडेला जाऊन धडकली होती. मी तिच्यावर गेरू फिरवून नवी काढून दिली. (ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करतो, हात थांबत नाही.) त्याने कागद पालथा घातला. नंतर ब्रशच धरला नाही.

"दादा, स्वतःच्या कागदावर काढून दाखव. त्याच्या कागदाला हात नको," ती हळूच म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी बसून मी माझी साखळी काढली. बराच वेळ तो बघत होता.

"काका, तुमचा माणूस पडतोय."