‘झाली’पासून ‘येतेय’पर्यंत

धाकट्या भावाच्या बायकोचा परवा फोन आला. तिचा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला आहे. विचारत होती, “भाभी, ह्याला शू-शी सांगायची सवय कधी लावायची? शेजारणीची मुलगी दीड वर्षाची आहे, तरी सांगते.” आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. हसलो खरे, पण त्यामागे एक जुनी बोच होती. ती फोनवर सांगता आली नाही, म्हणून इथे लिहीत आहोत.

गोष्ट 2004 सालची. तेव्हा आम्ही मुंब्र्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. एप्रिलमध्ये मुलाला दोन वर्षे पूर्ण झाली. दोघांच्याही नोकऱ्या, म्हणून जूनपासून त्याला जवळच्या बालवाडीत घालायचे ठरले. तिथल्या बाईंची अट एकच : मुलाने शू-शी सांगितली पाहिजे. हातात दोन महिने होते. आम्ही बाजारातून प्लास्टिकचे लाल पॉट आणले आणि घड्याळ पाहून दर तासाला मुलाला त्यावर बसवू लागलो. तो उठू लागला की खांदा दाबून पुन्हा खाली बसवायचो. पॉटवर काही व्हायचे नाही. उठून चार पावले गेला की लादीवर पाणी!

मे महिन्यात अम्मी खेडजवळच्या गावाहून आल्या. एका संध्याकाळी असरच्या नमाजसाठी मुसल्ला अंथरून त्या वजू करायला गेल्या. तेवढ्यात मुलगा धावत येऊन मुसल्ल्यावर उभा राहिला आणि तिथेच त्याची चड्डी भिजली. आमच्यापैकी एकाचा हात उठला. कोणाचा, ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने तो धरला नाही. पोराच्या गालावर बोटे उमटली.

अम्मी ओल्या हातांनी बाहेर आल्या. काही न बोलता त्यांनी मुसल्ला मोरीत नेऊन धुतला, दोरीवर वाळत टाकला आणि धुतलेली चादर अंथरून नमाज पढली. मग पोराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “नबींच्या अंगावर एका बाळानं शू केली, तर त्यांनी नुसतं पाणी मागवलं आणि त्यावर ओतलं. आपण कोण लागून गेलो? पाण्यानं निघतंय ते. पोराला कशाला रडवता?”

त्या दिवसापासून मुलाने शी करायचेच सोडले. एक दिवस गेला, दोन गेले. पोट फुगले, जेवण तुटले. कळ आली की तो कपाटाच्या आड जाऊन पाय आवळून उभा राही. पाचव्या दिवशी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी आमचीच उलटतपासणी घेतली. मग समजावले की, मूल भीतीने शी धरून ठेवते. धरलेली शी कडक होते. कडक शी दुखते, आणि दुखते म्हणून मूल ती आणखी धरते. त्यांनी पातळ औषध दिले. भरपूर पाणी, पपई, डाळ-भाजी द्यायला सांगितले. आणि म्हणाले, “ते पॉट दोन-तीन महिने माळ्यावर टाका. मूल तयार नाही, तयार तुम्ही आहात.”

जूनमधली बालवाडी हुकली. अम्मी राहिल्या. लावणीच्या दिवसांत गाव सोडून त्या कधी राहिल्या नव्हत्या. त्या वर्षी राहिल्या.

अम्मी दिवसभर पोराकडे लक्ष ठेवून असत. आम्हां भावंडांना त्यांनी तान्हेपणी दोन्ही पायांवर बसवून ‘शूऽ’ असा आवाज काढून सवय लावली होती. मूल गप्प झाले, अंग शहारले, कोपरा शोधू लागले की त्यांना कळे. आमच्या ते ध्यानातच आले नव्हते. आम्ही फक्त घड्याळ पाहत होतो.

ऑगस्टमध्ये एकदा मुलगा ओली चड्डी ओढत येऊन म्हणाला, “दादी, झाली.” आम्ही कपाळाला हात लावला. अम्मी मात्र खूश. “झाली म्हणतोय ना? त्याला कळलं!” महिन्या-दीड महिन्याने तो खेळता खेळता थांबून सांगू लागला, “होतेय.” तोवर चड्डी भिजलेली असायची, पण अम्मी म्हणत, “आता जवळ आलाय.” याच दिवसांत तो दुपारी दीड-दोन तास कोरडा राहू लागला. ओले कपडे त्याला नकोसे झाले. आम्ही नाडीची चड्डी काढून सैल इलॅस्टिकची दिली, ती तो स्वतः खाली ओढू लागला. आणि नोव्हेंबरात, रमजान ईदनंतर थोड्याच दिवसांत, तो धावत आला : “दादी, येतेय!” पॉट माळ्यावरून काढून ठेवले होतेच. जमिनीला पाय टेकवून तो स्वतः बसला. आठ-दहा दिवसांत दिवसाचे जमले. रात्रीचे जमायला आणखी वर्ष गेले. त्यासाठी आम्ही काहीच केले नाही.

वयापेक्षा मुलाची तयारी पाहावी, ही गोष्ट अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी 1170 मुलांच्या नोंदी तपासून 1962 साली मांडली होती. आमच्या वाचनात ती फार नंतर आली. बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. कोणी आधी, कोणी नंतर. घरात नवे बाळ आले किंवा घर बदलले, तर आलेली सवयही काही दिवस मोडते.

भावाच्या बायकोला आम्ही एवढेच विचारले, “तो ‘झाली’ म्हणतो का?” ती म्हणाली, “कधीकधी.” “मग ‘होतेय’ची वाट बघ. शेजारणीच्या मुलीकडे बघू नकोस.”

अम्मी आता नाहीत. मुलगा कमावता झाला आहे. त्याला लाल पॉट आठवत नाही, मुसल्लाही आठवत नाही. आम्हांला आठवतो. त्या संध्याकाळी दोरीवर टाकलेला मुसल्ला सकाळपर्यंत वाळला होता. पोराने मात्र आमच्यासमोर पॉटवर बसायला सहा महिने घेतले, आणि तेव्हाही हाक मारली ती दादीला.