आपल्या माणसांचा गलका

आमची पुतणी हिंगोलीच्या एका शाळेंत शिकते आणि तेथील मुलींच्या बास्केटबॉल संघांत खेळते. गेल्या हिवाळ्यांत तिचा सामना शाळेच्याच मैदानावर ठरला, तेव्हां आमच्या एकत्र कुटुंबांतील अकरा मंडळी तो पाहण्यास गेलीं. आजींना खेळांतलें कांहीं कळत नाहीं. पण ‘आपली पोर खेळते आहे’ एवढें त्यांना पुरेसें होतें. चेंडू कोणाच्याहि हातीं असो, आमचा जयघोष अखंड चालू होता.

सामना संपावयास कांहीं क्षण उरले होते. तिचा संघ एका गुणानें मागें होता, आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर उभी राहतांच आम्ही सर्वांनीं तिच्या नांवाचा एकच गजर केला. पहिला चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला. आम्ही अधिकच ओरडलों. दुसराहि तसाच गेला, आणि सामना हातचा निसटला.

रात्रीं पानावर बसल्यावर तिनें मान वर न करतांच सांगितलें, “काका, पुढच्या वेळीं तुम्ही सगळे येऊं नका.”

हें वाक्य आम्हांला लागलें, हें कबूल केलें पाहिजे. आपल्या मैदानावर आपल्या माणसांचें बळ मिळतें, असें आम्ही आजवर समजत आलों. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. बहुतेक खेळांत यजमान संघ पाहुण्यांपेक्षां अधिक वेळां जिंकतो. त्यांत प्रवासाचा शीण नसणें आणि मैदानाची संवय असणें यांचा भाग असतो. परंतु प्रेक्षकांचाहि असतो. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत जर्मनींतील फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांवर खेळविले गेले, तेव्हां यजमानांच्या विजयांचें प्रमाण घटल्याचें दिसून आलें.

मग गलका नेमका कोणावर परिणाम करतो? इंग्लंडमध्यें याविषयीं एक प्रयोग झाला आणि तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. चाळीस अनुभवी पंचांना फुटबॉलच्या एकाच सामन्यांतील प्रसंग दाखविले. कांहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, कांहींना आवाजावांचून. ज्यांच्या कानीं गलका होता त्यांनीं यजमान संघाविरुद्ध सुमारें पंधरा टक्के कमी दोष दिले. त्यांत लबाडी होती असें नव्हे. संशयाच्या क्षणीं डोळ्यांना कानांनीं कौल दिला, इतकेंच. आपल्या कबड्डींत तर चढाई करणाऱ्याचा दम पंचाच्या कानांवर पडावा लागतो. तेथें हजार कंठ एकदम फुटले, तर त्या बिचाऱ्यानें काय करावें?

फ्री थ्रोची गोष्ट मात्र निराळी. तेथें कोणी अडवीत नाहीं, आणि पंचाच्या निर्णयाचाहि फारसा प्रश्न नसतो. कडें दहा फूट उंच, रेषा पंधरा फुटांवर, आणि हातीं पांच सेकंद. हजार वेळां केलेली ती हालचाल हातानें आपोआप करावयाची असते. मनानें मध्येंच लक्ष घातलें कीं ती बिघडते. म्हणूनच जाणते प्रेक्षक आपला खेळाडू रेषेवर उभा असतां गप्प बसतात आणि परका उभा असतां ओरडतात. आम्ही आमच्याच मुलीला परक्याची वागणूक दिली!

बटलर आणि बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचून तर आम्ही चपापलों. कठीण काम करणाऱ्यांना आपल्या बाजूचे प्रेक्षक समोर असतां धीर वाटला, काम चांगलें झालें असेंहि वाटलें. प्रत्यक्षांत मात्र तें अधिक वाईट झालें होतें. परका पाहत असेल तर हरण्याची भीति असते; आपला पाहत असेल तर त्याला निराश करण्याची. दुसरी भीति अधिक जड असावी.

हें आमच्यासारख्या भरल्या घरांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. मूल परीक्षेस निघालें कीं अकरा तोंडांनीं अकरा आशीर्वाद. पाहुणे आले कीं “गाणें म्हणून दाखव” हा आग्रह. निकालाच्या दिवशीं ओसरीवर सभा. यांत प्रेमाची उणीव नाहीं. पण प्रत्येक शब्दांत ‘आमचें नांव राख’ अशी मागणी दडलेली असते, आणि ती मुलाला बरोबर ऐकूं येते.

आमच्याच जिल्ह्यांतील औंढ्या नागनाथाची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. नामदेवांना कीर्तनासाठीं देवळामागें जावयास सांगितलें; ते गेले, कीर्तनांत रंगले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें. लहानपणापासून ही कथा आम्ही देवाचा चमत्कार म्हणून ऐकली. आतां वाटतें, समोर कोण आहे आणि कोण नाहीं हें विसरण्याइतकें रंगतां येणें, हाहि एक चमत्कारच.

पुढचा सामना वसमतला होता. पुतणीची परवानगी घेऊन आम्ही दोघेच गेलों आणि अगदीं मागें बसलों. मैदान परकें, गलका परक्यांचा. तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक हुकला, एक कड्यांतून गेला. आमचे हात टाळीसाठीं उठले होते, ते आम्हीं मांडीवर दाबून धरले.

सामना संपल्यावर तिनें गर्दींत आम्हांला शोधून काढलें आणि विचारलें, “काका, आजींना कां नाहीं आणलें?”