बळी, मेला, बाद

हुतुतूत बाद झालेल्या गड्याला आम्ही सरळ 'मेला' म्हणायचो. 'ए, तू मेलीस, बाहेर हो!' पलीकडचा एखादा गडी मेला की आपल्यातली एक जिवंत व्हायची आणि धूळ झटकत परत आत यायची. क्रिकेट मराठीत आलं तेव्हा त्याने कुस्तीच्या हौद्यातून 'चीत' उचललं आणि त्रिफळाचीत, पायचीत केलं. विकेटला 'बळी' म्हटलं. या शब्दांमधलं रक्त आता वाळून गेलं आहे. 'पाच बळी घेतले' असं वाचताना कुणाच्या डोळ्यांसमोर बोकड येत नाही.

जपानी बेसबॉलची भाषाही अशीच. दोन गडी बाद झाले की 'निशी', अक्षरशः 'दोन मृत'. एका चेंडूवर दोघे बाद झाले तर 'हेइसात्सु', जोडहत्या. चेंडू फलंदाजाच्या अंगावर आदळला तर 'शिक्यू', मृत चेंडू. आणि गोलंदाजाने चार चेंडू बाहेर टाकले म्हणून फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळाला तर तोही 'शिक्यू'च; फक्त तिथे 'शि' म्हणजे चार. लिहिताना अक्षरं वेगळी, उच्चार एक. म्हणून समालोचक या दोन ठिकाणी निमूटपणे इंग्रजी शब्दांचा आधार घेतात.

यातला 'चार चेंडू' कवी मासाओका शिकीच्या नावावर आहे. फलंदाज, धावणारा, सरळ चेंडू, उंच उडालेला चेंडू यांचे जपानी शब्दही त्याचेच मानले जातात. ज्याला आपण आधुनिक हायकूचा जनक म्हणून ओळखतो तोच हा शिकी. विद्यार्थी असताना तो बेसबॉलने झपाटलेला होता, कॅचर म्हणून खेळायचा. १८८९ साली त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. १८९६मध्ये 'निप्पोन' या वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात त्याने या खेळाचे नियम आणि शब्द समजावून सांगितले, तेव्हा क्षयाने त्याचा कणा पोखरला होता आणि दिवस बहुतेक अंथरुणातच जात होते. १९०२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. पुढे शंभर वर्षांनी, २००२मध्ये, जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. मैदान सुटलेल्या माणसाने मैदानासाठी शब्द केले, ही गोष्ट मला अनुवादक म्हणून फार जवळची वाटते.

शिकीच्या गद्याचा मराठी अनुवाद करायचा म्हणून मी त्याच्या गावात, शिकोकू बेटावरच्या मात्सुयामात, एक वर्ष राहिले. गावात जागोजागी हायकू टाकायच्या पेट्या आहेत, ट्राम आहे, दोगोचे गरम पाण्याचे झरे आहेत. माझी खोली एका हायस्कूलच्या मैदानाला लागून होती. त्या मैदानाचे दोन भाग होते. मोठा भाग मुलांच्या बेसबॉलचा. जाळीपलीकडचा कोपरा मुलींच्या सॉफ्टबॉलचा. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर, सॉफ्टबॉलमध्ये १८.२९. गोलंदाज तिकडे १८.४४ मीटरवरून फेकतो, इकडे १३.११ मीटरवरून, तेही हात खालून गोल फिरवून. चेंडू मोठा. नावात 'सॉफ्ट' असलं तरी तो कसा लागतो ते माझ्या घरमालकीणबाईंच्या नातीच्या पिंढऱ्यांकडे पाहून कळायचं. ती तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला होती, आणि शिकीसारखीच कॅचर होती. मला 'ओबासान' म्हणायची. त्यात मावशी, काकू, आत्या सगळ्याच आल्या. मी मनातल्या मनात मावशी हे नातं धरलं होतं.

पहाटे सहाला दोन्ही बाजूंनी ओरडा सुरू व्हायचा. एप्रिलमध्ये नवी मुलं आली. पहिले कित्येक आठवडे त्यांनी चेंडू गोळा केले, माती सपाट केली, ओरडण्याचा सराव केला. डोकी तासलेली मुलं मैदानात शिरताना टोपी काढून मैदानालाच नमस्कार करायची. हे पाहिलं की मला तालमीतली माती कपाळाला लावणारे आमच्या गावचे पैलवान आठवायचे.

मुलांच्या नमस्कारामागे कोशिएन होतं. हायस्कूलच्या मुलांची ही उन्हाळी स्पर्धा १९१५पासून चालू आहे आणि १९२४पासून ती निशिनोमियाच्या कोशिएन स्टेडियमवर होते. देशभरातले तीन हजारांहून जास्त संघ प्रांताप्रांतांत खेळतात, त्यातले ४९ तिथे पोचतात. एकदा हरलात की संपलं. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी एक संघ सोडला तर प्रत्येक संघाचा मोसम पराभवानेच संपतो. मुली या स्पर्धेत खेळू शकत नाहीत. २०१६मध्ये सरावाच्या वेळी चेंडू द्यायला मैदानात उतरलेल्या एका संघाच्या मुलगी-मॅनेजरला बाहेर जायला सांगितलं होतं. त्यावर देशभर चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी सरावापुरता नियम सैल झाला. मुलींच्या स्वतंत्र राष्ट्रीय हायस्कूल बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना २०२१ साली पहिल्यांदा कोशिएनवर झाला. पण बऱ्याच शाळांमध्ये मुलींचा बेसबॉल संघच नसतो. आमची नात प्राथमिक शाळेत मुलांबरोबर बेसबॉल खेळली होती. पुढे तिच्यापुढे जाळीपलीकडचा तो कोपरा होता.

त्या कोपऱ्यात ती दुःखी होती असं मात्र नाही. जपानच्या बायकांनी २००८ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा सॉफ्टबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आहे. २००८मध्ये गोलंदाज उएनो युकिकोने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले होते. हा आकडा नातीला आपल्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

मुलींची प्रांताची स्पर्धा जूनच्या सुरुवातीला होती. बघायला आईबाप होते, दोन शिक्षक होते, घरमालकीणबाई आणि मी. बँड नव्हता, टीव्ही नव्हता. सात डावांनंतर २-२ अशी बरोबरी. आठव्या डावापासून टायब्रेकर लागतो: दुसऱ्या बेसवर एक धावणारी आयतीच उभी करून डाव सुरू होतो. समोरच्यांनी एक धाव केली. आमच्या बाजूने दुसऱ्या बेसवर दुसऱ्या वर्षाची एक बारकी मुलगी उभी राहिली आणि फलंदाजीला नात आली. तिने बॅट फिरवलीच नाही. आडवी धरून चेंडू हलकेच पुढ्यात पाडला आणि पहिल्या बेसकडे जीव तोडून पळाली. ती बाद झाली, बारकी मुलगी तिसऱ्या बेसवर पोचली. नंतरच्या दोघी बाद झाल्या. ३-२. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले, वाकले आणि मोसम संपला.

या खेळीला जपानीत 'गिदा' म्हणतात. 'गि' म्हणजे यज्ञातला बळी. मराठीत मी इथेच अडून बसले होते. 'बळीचा फटका' म्हणावं तर मराठी वाचकाला वाटेल, गोलंदाजाने विकेट घेतली. आपल्याकडे बळी नेहमी दुसरा कुणीतरी घेतो. इथे तो फलंदाज स्वतःहून देतो. 'त्याग' म्हणावं तर लगेच कीर्तनाचा सूर लागतो. हुतुतूतही आपण मरतो ते पकडले गेलो म्हणून, कुणाला एक पाऊल पुढे सरकवायला नव्हे.

जुलैत मुलांचा सामना बोत्चान स्टेडियमवर झाला. त्याला नाव दिलं आहे नात्सुमे सोसेकीच्या कादंबरीचं. तिथे भोंगा वाजला, बँड वाजला, गणवेश न मिळालेली मुलं गॅलरीत घसा फाटेस्तोवर गात होती. तीही मुलं हरली. जिंकलेल्या शाळेचं गीत संपेपर्यंत ती ताठ उभी राहिली आणि मग कोसळून रडली. सॉफ्टबॉलच्या मुली गॅलरीत होत्या. त्याही रडत होत्या, नातसुद्धा. जूनमध्ये ती माझ्यासमोर रडली नव्हती.

दोन्ही संघांतल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं मग 'इन्ताइ' झालं, म्हणजे निवृत्ती. सतरा-अठराव्या वर्षी निवृत्ती, हे ऐकून आधी हसू येतं. पण त्यासाठी एक दिवस ठरलेला असतो. धाकटी मुलं थोरल्यांना फुलं देतात, थोरले दोन शब्द बोलतात, मैदानाला वाकून नमस्कार करतात आणि अभ्यासाला लागतात.

मी सांगलीजवळच्या एका गावात नववीपर्यंत खो-खो खेळले. पळती चांगली होते, खांबावर सूर मारण्यात शाळेत पहिली. नववीची परीक्षा झाली आणि आईने माझी खेळाची हाफपँट धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवली. दहावीचं वर्ष होतं, शिवाय मोठी झाले होते. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललंही नाही. माझा शेवटचा सामना कुठला ते मला सांगता येत नाही, कारण खेळताना तो शेवटचा आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या बरोबरीच्या नवांपैकी आठ जणींचं असंच झालं. मुलींच्या सामन्याला मोजून वीस माणसं होती, याचं मला त्या दिवशी वाईट वाटत होतं. पण तो सामना होता, त्यात त्या हरल्या, आणि आपण हरलो हे त्यांना ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये नात गणिताची पुस्तकं घेऊन माझ्या खोलीत बसायची, कारण तिथे एसी होता. एकदा मी तिला विचारलं, 'त्या दिवशी तू बॅट का नाही फिरवलीस? चांगला फटका बसला असता तर जिंकलाही असतात.'

ती वहीतून मान वर न करता म्हणाली, 'कोचचा इशारा होता.' थोड्या वेळाने म्हणाली, 'आणि तिला अजून एक वर्ष आहे ना, मावशी. एवढ्या पुढे जाऊन कसं वाटतं ते तिला कळायला हवं होतं.'

'मावशी' हा एकच मराठी शब्द मी तिला शिकवला होता. अनुवादाच्या खर्ड्यात 'गिदा'समोर तेव्हा कोरी जागा होती. आता तिथे 'सरकवणी' असं पेन्सिलीने लिहिलं आहे. त्यात रक्त अजिबात नाही, म्हणून ते अजून शाईने केलेलं नाही.