चौघांनी उचललेली खुर्ची



पाच आठवडे मी उपासनेला आलेलो नाही. गोरव्यातल्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पावसाने ओल्या झालेल्या जिन्यात, अगदी माझ्याच दारासमोर, पाय घसरला आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला.

एक्स-रेसाठी खाली जायलाच हवं होतं. "मी बसत बसत उतरतो," असा माझा हट्ट. शेजारच्या मुलाने प्लास्टिकची खुर्ची आणली. "काका, बेसी जाव." तो, आमच्या तरुण संघातले दोघे आणि सोसायटीचा वॉचमन, अशा चौघांनी मला उचललं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण डोळे लाजेने मिटले होते.

गुडघ्याच्या वाटीला चीर गेली होती, पण तुकडे जागचे हलले नव्हते. म्हणून ऑपरेशन टळलं आणि सहा आठवडे पाय सरळ ठेवणारा लांब पट्टा मिळाला. देवाची स्तुती असो.

मी कित्येक वर्षं आजाऱ्यांच्या भेटीला जातो. पलंगाशी उभं राहून प्रार्थना करायची, "काही लागलं तर सांगा," म्हणायचं आणि चप्पल घालायची. आता कळतंय, ते सांगणंच तर जमत नाही! पाण्याचा तांब्या हातभर लांब असला, तरी मी हिला हाक मारत नसे. दोन आठवड्यांनी तपासणीची तारीख आली तेव्हा तर सरळ खोटं बोललो: "बरं वाटतंय, पुढच्या आठवड्यात जाऊ." मला पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नव्हतं.

त्या रात्री मार्क 2 उघडला. या भागावर मी घरसभांत बोललो आहे, पण दर वेळी त्या चौघांवरच. बाजेवरच्या पक्षघाती माणसाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. कफर्णहूमात दारापर्यंत गर्दी, वरून छपराची माती पडतेय आणि सगळ्यांच्या देखत त्याला खाली सोडतायत. त्या साऱ्या प्रसंगात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याने स्वतःला उचलू दिलं, एवढंच. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं तिथे आहे. त्या 'त्यांचा'मध्ये तोही धरायचा का, हे पाळकसाहेबांना विचारायचं आहे.

सकाळी मी स्वतःच फोन केला. "बेटा, खुर्ची आणतोस का?"

आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि पाच मोजायचे, असा व्यायाम चालू आहे. मांडी पार बारीक झाली आहे. जिन्याचा धडाही मिळाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. डॉक्टरांनी हो म्हटलं तर पुढच्या रविवारी काठी घेऊन उपासनेला येईन. वॉचमनला सांगून ठेवलंय, खुर्ची दुसऱ्या मजल्यावर असू दे.